मिठातलं विष गेलं कुठं?

बालमित्रांनो, आजचा प्रयोग सुरू करण्याआधी तुम्हाला एक घडलेली गोष्ट सांगायची आहे. आपल्या 'घरची प्रयोगशाळा' या सदरात मी नेहमी आधी साहित्य सांगते आणि मग कृती. आज तसं करता येणार नाही, कारण आजच्या प्रयोगाची सुरुवातच एका रुसव्यापासून झाली.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या सहावीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. त्याचं नाव मी सांगणार नाही. तो हे सदर वाचतो, आणि मग माझ्याशी बोलायचा नाही! तिसऱ्या दिवशी त्याची आई छत्री घेऊन शाळेच्या दारात उभी. म्हणाली, "बाई, जरा घरी येता काय? पोराला जुलाब लागलेत. आशाताईंनी पाकीट दिलंय, पण हा तोंड उघडेल तर शप्पथ. मीठ नको म्हणतो. आठ दिवस झाले, पेजसुद्धा अळणीच खातोय."

शाळा सुटल्यावर मी गेले. पोरगा घोंगडीवर पडलेला, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. शेजारी तांब्याभर पाणी, त्यात पाकिटातली पूड कालवलेली. मी पेला पुढे केला तसे त्याने ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाला, "बाई, त्यात क्लोरीन आहे."

आता उलगडा झाला. त्याचा मोठा भाऊ हायस्कुलात आहे. तो रात्री मोठ्याने धडा पाठ करत होता. सोडिअम हा धातू इतका तापट की पाण्यात टाकला तर पेट घेतो, म्हणून त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने तो शत्रूवर सोडला आणि खंदकातले सैनिक गुदमरून मेले. आणि पुढची ओळ अशी की, सोडिअम आणि क्लोरीन मिळून मीठ तयार होते. अंथरुणात पडल्या पडल्या धाकट्याने हे सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून मीठ बंद!

घरच्यांनी त्याला वेडा ठरवलं होतं. मला मात्र तो वेडा वाटला नाही. एक आग लावणारा, एक जीव घेणारा, आणि दोघांना एकत्र करून ताटात वाढायचं? शंका यायलाच हवी. मोठ्या भावाला आली नाही, कारण तो पाठ करत होता.

पण त्या वेळी धडा शिकवायला सवड नव्हती. जुलाबात अंगातलं पाणी भराभर निघून जातं, आणि लहान मुलांचं तर फार लवकर जातं. मी त्याला एवढंच विचारलं, "तू आत्ता रडलास ना? ते पाणी जिभेला लागलं असेल. कसं लागलं?"

"खारट."

"मग आठ दिवस मीठ न खाता ते आलं कुठून?"

तो गप्प झाला. आपल्या घामात, आसवांत, रक्तात मीठ असतंच. दवाखान्यात शिरेतून सलाईन चढवतात ना, त्याच्या 1 लिटरमध्ये 9 ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताचा खारेपणा साधारण तेवढाच असतो. म्हणजे जे विष म्हणून तो नाकारत होता, ते त्याच्या अंगात जन्मापासून फिरत होतं. बराच वेळ त्याने विचार केला. मग पेला घेतला. पण त्याआधी माझ्याकडून कबूल करून घेतलं, की मिठातलं विष गेलं कुठं ते मी वर्गात सांगायचं.

शब्द दिला होता, तो पाळावा लागला. पुढचं सगळं त्या तासाचं आहे.

शाळेच्या पडवीत खडूने मोठमोठी वर्तुळं काढली. मे महिन्यात खेळून उरलेल्या काजूच्या बिया मुलांनी घरून आणल्या होत्या. त्या बिया म्हणजे आमचे इलेक्ट्रॉन! तुम्ही चिंचोके घेतलेत तरी चालेल.

सगळ्या वस्तू अणूंच्या बनलेल्या असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. अणूच्या मध्ये केंद्रक असतं, त्यात धन भाराचे प्रोटॉन असतात. त्याभोवती ऋण भाराचे इलेक्ट्रॉन असतात, आणि ते कवचांमध्ये वाटलेले असतात. पहिल्या कवचात 2 मावतात. दुसऱ्यात 8. बाहेरच्या कवचात 8 झाले की अणू स्वस्थ असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निऑन आणि अरगॉन हे वायू असेच आहेत. ते सहसा कुणाशी संयोग करत नाहीत. (फक्त पहिलंच कवच असेल तर 2 झाले की पुरे. हेलिअमचं तसं आहे.)

आता सोडिअमचा अणू मांडा. त्याच्याकडे 11 इलेक्ट्रॉन. आतल्या वर्तुळात 2 बिया, मधल्यात 8, आणि बाहेरच्यात उरली एकच बी. क्लोरीनकडे 17. आत 2, मध्ये 8, बाहेर 7. एकाकडे एक जास्त, दुसऱ्याकडे एक कमी.

एवढं मांडल्यावर पुढे काय करायचं ते मला सांगावं लागलंच नाही. एका मुलीने सोडिअमची ती एकटी बी उचलली आणि क्लोरीनच्या बाहेरच्या वर्तुळात नेऊन ठेवली. झालं! सोडिअमचं बाहेरचं कवच रिकामं झालं, आता त्याचं 8 वालं कवचच बाहेरचं. क्लोरीनचेही 8 झाले.

पण हिशेब इथे संपत नाही. सोडिअमच्या केंद्रकात 11 प्रोटॉन आहेत आणि इलेक्ट्रॉन उरले 10. म्हणजे त्याच्यावर 1 धन भार आला. क्लोरीनकडे प्रोटॉन 17 आणि इलेक्ट्रॉन 18, म्हणजे 1 ऋण भार. असा भार असलेल्या अणूला आयन म्हणतात. हा शब्द मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने 1834 मध्ये रूढ केला. धन आणि ऋण भार एकमेकांना ओढतात, आणि ते ओढून धरणं म्हणजेच आयनिक बंध. मीठ हे आयनिक संयुग आहे.

तर मग विष कुठं गेलं? सोडिअम धातू तापट होता तो त्या एका सुट्या इलेक्ट्रॉनपायी. तो कुणाला तरी देऊन टाकायला तो टपलेला असतो, आणि पाण्याला देताना इतकी उष्णता निघते की पेट घेतो. क्लोरीन वायू विषारी, कारण तो इलेक्ट्रॉनचा भुकेला. तो नाकातोंडात, फुप्फुसात गेला की तिथल्या ओल्या नाजूक पेशींवरच तुटून पडतो. मिठात सोडिअमने तो इलेक्ट्रॉन टाकलेला आहे आणि क्लोरीनची भूक भागलेली आहे. तापटपणाही संपला आणि अधाशीपणाही. अणू तेच, केंद्रकं तीच, पण एका इलेक्ट्रॉनच्या जागेने स्वभाव पालटला.

इथे मोठ्या मुलांसाठी थोडं खोलात जाते. 'सोडिअम आनंदाने इलेक्ट्रॉन देतो' असं आपण म्हणतो खरं, पण सोडिअमच्या अणूपासून इलेक्ट्रॉन तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनच्या अणूला तो मिळाल्यावर जेवढी ऊर्जा सुटते, त्यापेक्षा हा खर्च जास्त आहे. मग सौदा परवडतो कसा? हे धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढून जवळजवळ रचले जातात, तेव्हा भरपूर ऊर्जा बाहेर पडते. खरी कमाई ती.

ही रचना मोठी सुरेख असते. मिठात सोडिअम-क्लोरीनच्या सुट्या जोड्या नसतात. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती 6 क्लोरीनचे आयन (शास्त्रात त्यांना क्लोराइड म्हणतात), आणि प्रत्येक क्लोराइडभोवती 6 सोडिअमचे. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली. इंग्लंडमधल्या ब्रॅग पितापुत्रांनी 1913 मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने हे दाखवलं. दोघांना 1915 चं नोबेल पारितोषिक मिळालं, तेव्हा मुलगा लॉरेन्स अवघा 25 वर्षांचा होता! घरात खडेमीठ असेल तर एक खडा वरवंट्याने हलकेच फोडा आणि भिंगाखाली बघा. तुकड्यांच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी दिसतील. ठोका बसला की आयनांचे थर सरकतात, धनासमोर धन येतो, ते एकमेकांना ढकलतात आणि खडा सरळ फुटतो.

"पण बाई, सोडिअम अजून त्यात आहे कशावरून?" हा प्रश्न अर्थातच आपल्या रुसलेल्या मित्राचा. याचं उत्तर तुमच्या आईच्या गॅसवर आहे. मीठ घातलेली पेज उतू जाऊन बर्नरवर सांडते, तेव्हा निळी ज्योत पिवळीधमक होते. तो पिवळा रंग सोडिअमची सही आहे.

आणि क्लोरीनची ओळख? पावसाळ्यात गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तो उग्र वास तुम्हाला माहीत आहे. त्या पावडरीतलं क्लोरीन अजून भुकेलं असतं, म्हणूनच ते पाण्यातल्या जंतूंना मारतं. म्हणजे जुलाब होऊ नयेत म्हणून विहिरीत क्लोरीन, आणि जुलाब झालेच तर पेल्यातही क्लोरीन. फरक एवढाच की पहिलं भुकेलं आणि दुसरं तृप्त.

आता साखरेकडे वळू. मिठासारखीच पांढरी, दाणेदार, पाण्यात विरघळणारी. पण तिच्यात कुणी कुणाला काही दिलेलं नाही.

त्यासाठी आधी क्लोरीन वायूच बघू. त्यात दोन क्लोरीन अणू जोडीने असतात. दोघांकडे बाहेर 7-7 बिया, दोघांनाही एकेक हवी. कोण देणार? कुणीच नाही! आमच्या पडवीत यावर चांगलंच भांडण झालं. शेवटी एक मुलगा म्हणाला, "आमच्या आणि काकांच्या घराच्या मध्ये विहीर आहे, ती दोघांची आहे." शाबास! कोकणात अशा सामाईक विहिरी पुष्कळ. गडग्याच्या अलीकडचेही तिचं पाणी भरतात, पलीकडचेही. विचारलं तर दोघंही 'आमची विहीर' म्हणतात आणि दोघांचंही खरं असतं. तसंच इथे होतं. प्रत्येक अणू आपली एक बी मध्ये ठेवतो, त्या दोन बियांवर दोघांचा हक्क. मोजताना दोघांचेही 8 भरतात. या भागीदारीला सहसंयुज बंध म्हणतात. अशा भागीदारीची कल्पना अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युइस यांनी 1916 मध्ये मांडली.

पाणी असंच बनतं. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात, तो दोन हायड्रोजनशी भागीदारी करतो. कार्बनला चार कमी पडतात, म्हणून तो चार भागीदाऱ्या करू शकतो. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे 12, हायड्रोजनचे 22 आणि ऑक्सिजनचे 11 अणू, म्हणजे एकूण 45 अणू, सगळे सहसंयुज बंधांनी एकमेकांना धरून असतात. त्यात आयन एकही नाही. खोबरेल, मेणबत्तीचं मेण, रॉकेल हीसुद्धा सहसंयुज संयुगंच.

हे सगळं बाईंनी सांगितलं म्हणून खरं मानू नका. करून बघा.

साहित्य: टॉर्चचे चार सेल एकापुढे एक जोडून, एक लाल एलईडी (जुन्या खेळण्यातला चालेल), वायर, दोन्ही टोकांना तासलेल्या दोन पेन्सिली आणि दोन पेले पावसाचं पाणी. पावसाचं अशासाठी की विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यात आधीच थोडे क्षार विरघळलेले असतात. भांडं उघड्यावर ठेवा. कौलांवरून पडणारं पाणी घेऊ नका. सेल, एलईडी आणि दोन पेन्सिली एका वाटेत जोडा, आणि पेन्सिलींची खालची टोकं पाण्यात बुडवा. टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. नुसत्या पावसाच्या पाण्यात एलईडी लागणार नाही, फार तर मंदसा दिसेल. एका पेल्यात दोन चमचे साखर ढवळा. काही फरक नाही. दुसऱ्यात एक चमचा मीठ टाका आणि ढवळा. एलईडी लागला! (लागला नाही तर त्याचे पाय उलटे जोडून बघा, त्याला दिशा असते.)

मीठ पाण्यात गेलं की त्यातले आयन सुटे होऊन हिंडू लागतात आणि विजेचा भार वाहून नेतात. साखरही विरघळते, पण तिचे रेणू अख्खेच राहतात, आणि त्यांच्यावर भार नाही. नीट पाहिलंत तर मिठाच्या पेल्यात पेन्सिलींच्या टोकांशी बुडबुडेही दिसतील, आणि एका टोकापाशी टीसीएलसारखा पुसटसा वास येईल. म्हणजे तिथे क्लोराइडने घेतलेला इलेक्ट्रॉन परत केला आणि तो पुन्हा क्लोरीन वायू झाला. जुना स्वभाव परत! म्हणून हा प्रयोग खिडकीपाशी करा, मिनिटभरात थांबवा, पेल्यावर नाक नेऊ नका आणि ते पाणी ओतून द्या. सर हम्फ्री डेव्ही यांनी 1807 मध्ये कॉस्टिक सोड्यातून वीज सोडूनच जगात पहिल्यांदा सोडिअम धातू वेगळा केला होता.

पालकांना विनंती आहे की या वेळी मुलांजवळ बसा. आणि मुलांनो, घरच्या प्लगातली वीज या प्रयोगाला कधीही, कधीही वापरायची नाही. सेल म्हणजे सेलच. त्याचं कारणही याच धड्यात आहे. जुलै 2021 मध्ये जगबुडीचं पाणी खेडच्या बाजारपेठेत शिरलं ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. पुराच्या पाण्यात माती, क्षार, काय काय विरघळलेलं असतं. त्यात आयन असतात, आणि ते वीज वाहून नेतात. घरात पाणी शिरलं तर मेन स्विच मोठ्यांनी कोरड्या जागी उभं राहून बंद करायचा. आपण ओल्या हाताने बटणाला हात लावायचा नाही.

(एक चलाख मुलगी विचारेल, पेन्सिलीतला कार्बनही सहसंयुज, मग त्यातून वीज कशी गेली? अगदी बरोबर विचारलंस! पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं. त्यात प्रत्येक कार्बनच्या चार इलेक्ट्रॉनपैकी एक जरा मोकळा असतो. त्याच्यावर स्वतंत्र लेख लिहायला हवा.)

दुसरा फरक उष्णतेचा. आईबाबांना सांगून जुन्या चमच्यात साखर तापवा. ती वितळते, तपकिरी होते, शेवटी काळी पडते. चिक्कीचा पाक करताना हे रोजचंच. मिठाला तसं काही होत नाही. मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि आयनांची ती घट्ट रचना तुमच्या चमच्यात मोडत नाही. आजी दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या चुलीत टाकते तेव्हा खडेमीठ तडतडतं, तेही वितळून नव्हे. खड्याच्या पोटात अडकलेल्या पाण्याच्या थेंबांची वाफ होते आणि ती खडा फोडून बाहेर येते.

खडेमिठाचा विषय निघालाय तर कोकणातल्या प्रत्येक घरातली एक तक्रार इथेच सोडवू. पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं? मीठ समुद्राच्या पाण्यापासून करतात. 1 लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, पण सगळं काही आपलं खायचं मीठ नसतं. मिठागरात पाणी उन्हाने आटत आटत सुमारे दहावा हिस्सा उरलं की मिठाचे खडे पडू लागतात. मग खाली एक कडवट पाणी उरतं. त्यात मॅग्नेशिअमचे क्षार असतात. मॅग्नेशिअमकडे 12 इलेक्ट्रॉन, म्हणजे 2, 8 आणि बाहेर 2. त्याला दोन द्यायचे आहेत, आणि एका क्लोरीनला तर एकच हवा. म्हणून एका मॅग्नेशिअमला दोन क्लोरीन लागतात. मॅग्नेशिअम क्लोराइड! हा पठ्ठ्या हवेतला ओलावा ओढण्यात वस्ताद. तो मिठाच्या खड्यांवर थोडासा जरी राहिला, तरी बरणीत तळं साचतं. शुद्ध मीठही आषाढातल्या हवेत ओलं होतं, पण इतकं नाही.

मिठागर म्हटलं की शिरोडा आठवतं. मे 1930 मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडा तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात होतं, 1981 पासून ते सिंधुदुर्गात आहे. ज्याच्याशिवाय माणूस जगत नाही त्या वस्तूवर कर कसा, हा त्या लढ्यातला सवाल होता.

ज्याच्याशिवाय माणूस जगत नाही, असं का म्हणायचं, ते आपल्या मित्राच्या पेल्यात दिसतं. जुलाबावरच्या पाकिटात काय असतं? मीठ आणि ग्लुकोज, म्हणजे एक आयनिक संयुग आणि एक सहसंयुज संयुग. शिवाय थोडे आणखी क्षार. नुसतं पाणी पाजून का भागत नाही? आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला सूक्ष्म दारं असतात. त्यातलं एक दार असं आहे की सोडिअमचा आयन आणि ग्लुकोजचा रेणू दोघं मिळून आले तरच उघडतं. एकट्याला प्रवेश नाही! ते दोघं आत गेले की त्यांच्यामागून पाणी आत जातं. जुलाबात बाकीचं काम बिघडलं तरी हे दार बहुधा चालू राहतं. सोडिअम आणि साखर अशी जोडीने आत शिरत असावीत, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली.

1971 साली बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाकिटं भरली, पाण्यात कालवली आणि आयाबायांनाच ती पाजायला सांगितली. शेकडा तीसपर्यंत पोहोचलेले मृत्यू शेकडा चाराच्याही खाली आले. हे डॉक्टर 2022 मध्ये वारले. त्यांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

पाकीट जवळ नसेल तर घरी असं करतात. उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. जास्त झालं तर उलटा त्रास होतो. शक्यतो पाकीटच वापरा, त्याच्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, आणि मूल मलूल झालं, पीत नसेल किंवा लघवी होत नसेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आपला मित्र चौथ्या दिवशी उठून बसला आणि आठवड्याने शाळेत आला. पडवीतल्या त्या तासाला तो पहिल्या रांगेत होता. तास संपल्यावर सगळे बिया गोळा करत होते, आणि हा रिकामं पाकीट घेऊन माझ्यापाशी आला. त्यावरची नावं त्याने वाचून काढली होती. सोडिअम क्लोराइड, आयनिक. पोटॅशिअम क्लोराइड, आयनिक. ग्लुकोज, सहसंयुज. चौथ्यावर त्याचं बोट अडलं होतं: ट्रायसोडिअम सायट्रेट.

"बाई, यात सोडिअम आहे म्हणजे आयनिक. पण भाऊ सांगतो सायट्रेटमध्ये कार्बन असतो. मग सहसंयुज. नक्की काय?"

दोन्ही! सायट्रेटचे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आपसात भागीदारीने बांधलेले असतात, आणि त्या अख्ख्या गटावर तीन ऋण भार असतात. ते तीन सोडिअम आयनांना ओढून धरतात. आत सामाईक विहीर, बाहेर देवघेव. खाण्याच्या सोड्यातही असंच असतं. तुम्ही तो कागदावर बियांनी मांडून बघा. सोडिअम 1, हायड्रोजन 1, कार्बन 1 आणि ऑक्सिजन 3. कुठे भागीदारी आणि कुठे देवघेव, ते ओळखून मला पत्राने कळवा.

त्याने ते पाकीट विज्ञानाच्या वहीत चिकटवलं आहे. खाली लिहिलंय, 'हे मी प्यायलो.'